मिशांचं पाखरू

१५ ऑक्टोबर, मंगळवार

आली! काडीपेटी आली. हरिओम कंडक्टरने गाडीच्या दारातूनच ओरडून सांगितलं — "पाटकरीबाबा, घ्या तुमचं पार्सल! नांदुऱ्याहून बिनतिकिटाचं आलं!" स्टँडवरचे सगळे हसले. दर महिन्याला हेच बोलतो, दर महिन्याला तेच हसतात.

सईदचं पाखरू छान आहे. गळाला बांधलेलं कोंबडीचं बदामी पीस, मानेला लाल दोरा. दोऱ्याचं टोक नेहमीसारखं चपटं — दाताने तोडतो. किती वर्षं सांगतोय, ब्लेड घे. ऐकत नाही. तंगुसाच्या दोरीची गाठ मारतानाही पाखरू ओठात धरतो, गाठ जिभेने ओली करतो, मग ओढतो. म्हणतो, थुंकीशिवाय गाठ बसत नाही.

आत चिठ्ठी. "भाऊ, तुया मिशावाल्या पाखराले पूर्णेच्या डोहात दोन किलोची मरळ लागली. शेवाळातून ओढलं तरी कुठी अडकलं नाही. एकतीस सालात असं पाखरू पाह्यलं नाही. अजून एक बनव."

चिठ्ठी चार वेळा वाचली. विमलला वाचून दाखवली. ती म्हणाली, "बाकीचे लोक गांडूळ लावून घरी मासे आनतात. तुमी दोघं म्हातारे गळाले पिसं बांधून चिठ्ठ्या आनता."

बोलू दे. मिशा माझ्या डोक्यातून निघाल्या. गळाच्या तोंडासमोर दोन ताठ केस बांधले, की शेवाळ बाजूला सरतं आणि मासा चावला की केस मागे दबतात. बोकडाचा केस लावून पाहिला, मऊ पडतो. झाडायच्या फड्याची काडी तुटते. शेवटी माळ्यावरच्या जुन्या रंगाच्या ब्रशाचे केस उपटले. अगदी बरोबर!

१७ ऑक्टोबर

दोन नवी मिशांची पाखरं बांधायला घेतली. सकाळी उजेडात एक झालं. गुडघा दुखतो.

१९ ऑक्टोबर, शनिवार

दिवाळीचा रंग सुरू. ज्ञानेश्वर पेंटर आला. मी ओट्यावर पाखरू बांधत होतो. त्याने जुना ब्रश उचलला, बोटांनी वाकवून पाहिला.

"बाबा, हा ब्रश काऊन सोलून राह्यले? असली माल हाय हा. आता नाही भेटत."

मी म्हटलं, असली म्हणजे?

"डुकराचे केस. आताचे सारे प्लास्टिकचे."

हसला आणि शिडीवर चढला. माझ्या हातात पाखरू होतं. खाली ठेवलं. मग पुन्हा उचललं. मग कुठे ठेवावं तेच कळेना.

सईद ते ओठात धरतो.

२० ऑक्टोबर

ज्ञानेश्वरला पुन्हा विचारलं. नक्की का? म्हणाला, "वीस वर्षं ब्रश मारून राह्यलो बाबा, मले डुक्कर नाही वळखू येनार?"

नवी दोन्ही पाखरं चुलीत टाकली. वास सुटला. विमल ओरडली. गळ तेवढे राखेतून काढले.

पण सईदकडचं? ते तर महिनाभर त्याच्याकडे आहे. त्याच्या डोहात, त्याच्या तोंडात. ते बांधताना गळ पकडीत दबला होता, बुडाशी किंचित वाकडा झाला. तेव्हाच मोडलं म्हणून फेकून दिलं असतं तर! मला हौस. मिशांची हौस.

२१ ऑक्टोबर

सांगायचं. उद्या फोन करून सांगायचं.

२२ ऑक्टोबर

फोन लावला. पाऊसपाण्याचं बोललो. कापसाचा भाव विचारला. तो खोकत होता. मी म्हटलं, औषध घे. तो म्हणाला, "साठ साल कापूस पिंजला भाऊ, छातीत एक गादी भरून हाय." स्वतःच हसला. मी ठेवून दिला.

खोकला कशाने? कापसाच्या रुईने असेल. रुईनेच. तोंडात गेलेल्या केसाने खोकला होत नाही. होतो का?

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

विमलला सांगितलं. तिने आधी परातीतलं पीठ मळून संपवलं. मग म्हणाली, "तुमाले मालूम नोतं ना? मंग सांगून टाका. तोंडात काय गळ अडकला?"

तिला सोपं आहे. ती सईदला ओळखत नाही, मी ओळखतो. हा माणूस पहिल्या वर्षी आमच्या लिंबाखाली गाद्या पिंजायला बसला, तेव्हाही पाच वेळा काम थांबवून हातपाय धुवायचा. मी पाटावर ड्युटीला होतो. पाटाचं पाणी घ्यायला आला आणि माझ्या हातातला गळ बघत उभा राहिला. मी गळाला कोंबडीचं पीस बांधलेलं. म्हणाला, "हे काय पाखरू हाय बे?" तेव्हापासून ते पाखरूच. जाताना त्याने मला स्वतः बांधलेलं एक दिलं, मी त्याला एक दिलं. तोच सौदा अजून चालू आहे.

नियम त्यानेच घातला. समोरच्याचं पाखरू आधी पाण्यात. आणि झालं ते खरं सांगायचं. लागलं तर लागलं म्हणायचं, नाही तर नाही. खोटं बोललं की खेळ खतम. एकतीस वर्षांत दोघांनीही खोटं सांगितलेलं नाही. मी तर त्याच्या हिरव्या पाखराला "बेडूकही हुंगत नाही" असं लिहिलं होतं.

२८ ऑक्टोबर

एक युक्ती सुचली. चांगलं पाखरू बांधायचं, बोकडाच्या केसाचं, आणि लिहायचं की जुन्याच्या मिशा कच्च्या आहेत, डोहात तुटतील, परत पाठव. ते आलं की जाळून टाकायचं. त्याला कळणार नाही. त्याच्या मनाला त्रास नाही, माझ्याही नाही.

२९ ऑक्टोबर

पाठवलं. चिठ्ठीही. लिहिताना "कच्च्या" हा शब्द दोनदा खोडला.

१ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. भिंती पिवळ्या झाल्या. मला सारा वास ब्रशाचाच येतो.

५ नोव्हेंबर, मंगळवार

हरिओम रिकाम्या हाताने आला. तोंडी निरोप — "सईदचाचा म्हनले, त्या पाखराले कोन सोडते! जीव हाय तोवर देत नाही म्हना. अन् बाबा, काय जतन करून ठेवलं हो त्यायनं! सदऱ्याच्या वरच्या खिशात काडीपेटी. मशिदीतून येऊन राह्यले होते, स्टँडवर मलेच दाखवली."

मशिदीतून.

मी हरिओमला म्हटलं, खिशात ठेवून गेले होते आत? तो म्हणाला, "मले काय मालूम बाबा, खिशातून काढली एवढं खरं." गाडी निघून गेली. मी तिथेच बाकावर बसलो. दोन गाड्या गेल्या.

६ नोव्हेंबर

जेवण नको वाटतं.

८ नोव्हेंबर

तलावावर गेलो. सईदचं बदामी पाखरू पाण्यात टाकलं. नियम आहे. एक लहान मरळ उसळली, चुकली. त्याला कळवायला हवं — उसळली, चुकली. खरं ते. मला हसू आलं. कोणतं खरं कळवतोय मी?

१२ नोव्हेंबर

विमल म्हणते, "तुमाले मासे कमी अन् फिकीरच जास्त गावते. जा ना नांदुऱ्याले. दोन तास नाही लागत."

जाईन. या आठवड्यात.

१५ नोव्हेंबर

आणखी एक पाखरू पाठवलं, काळ्या पिसाचं. चिठ्ठीत लिहिलं, तब्येत बरी नाही, नाही तर आलो असतो. तब्येत बरी आहे.

१९ नोव्हेंबर

एसट्या मतदानाच्या कामाला गेल्या. जाता आलं नाही. मनातून बरं वाटलं. लाज नाही मला!

२४ नोव्हेंबर

सईदचा फोन. "काऊन बे निवृत्ती, मेला का? चिठ्ठ्यायत नुसती तब्येत लिहून राह्यला." मी म्हटलं, बुधवारी येतो. तो म्हणाला, "ये. मिशावालं घेऊन ये. डोहावर जाऊ."

आता माघार नाही.

२७ नोव्हेंबर, बुधवार

जाऊन आलो. लिहितो, नाही तर डोक्यात तेच फिरत राहील.

सईदची बायको, राबियाभाभी, दारातच म्हणाल्या, "भाऊ, किती वाळले हो तुमी! भाभीनं जेवू घालनं बंद केलं का?" सईद गादीवर बसला होता. दुकान आता मशीनवर चालतं, पण कापूस पिंजायची जुनी धनुकली भिंतीला टांगलेली आहे, तिची तात, बकऱ्याच्या आतड्याची दोरी, ढिली लोंबते. मी तिच्याकडेच बघत होतो.

"मिशा आनल्या का माया?" त्याने खिशातून काडीपेटी काढली आणि उघडून माझ्यासमोर धरली. "पाय. एवढी मरळ काढली, एक केस हालला नाही. कशाचे हायत हे? सांगत काऊन नाही? गुपित हाय का?"

मी सांगितलं. एका दमात सांगितलं. ब्रश, पेंटर, सगळं.

तो हसणार असं मला एक क्षण वाटलं. हसला नाही. काडीपेटी बंद केली, खाली फरशीवर ठेवली, उठला. मोरीवर गेला. हात धुतले, चूळ भरली. पुन्हा धुतले. खूप वेळ. नळाचा आवाज ऐकत बसलो. राबियाभाभी कुठे बघावं ते न कळून ओढणी सारखी करत होत्या.

परत आला. माझ्याकडे न बघता विचारलं, "तुले कधी समजलं?"

"दिवाळीच्या आंधी. एकोणीस तारखेले."

"अन् मंधात दोन पाखरं पाठवली तू. चिठ्ठ्या लिवल्या. फोनवर खोकल्याचं औषध सांगितलं."

"हाव."

"मिशा कच्च्या हायत म्हनून लिवलं."

मी फरशीवरच्या पेटीकडे बघितलं.

"बांधलं तवा तुले मालूम नोतं. त्याचं काही नाही. न समजता झालं त्याची अल्लाकडं पकड नसते. पन चाळीस दिवस मी हे छातीशी घेऊन नमाजाले गेलो, भाऊ. अन् तुले मालूम होतं."

आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, ती पेटी दे, मी घेऊन जातो, जाळतो. तो म्हणाला, "राहू दे." मग म्हणाला, "चहा पिऊन जा."

प्यालो. त्याने नाही घेतला. स्टँडपर्यंत नेहमी सोडायला येतो, आज दारापर्यंत आला.

हरिओमची थेट गाडी निघून गेली होती; दुसऱ्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. कुठलं गाव आलं, कुठलं गेलं, कळलं नाही. मोताळ्याला उतरायचं सोडून बसूनच राहिलो असतो, एका बाईने हलवलं — "बाबा, गाडी बदलाची हाय ना तुमाले?"

२८ नोव्हेंबर

विमलने विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, चहा पाजला. ती म्हणाली, मग झालं. झालं नाही विमल.

२ डिसेंबर

हरिओम — "काही नाही बाबा आज."

३ डिसेंबर

त्याने ती पेटी जाळली असेल. किंवा नाल्यात टाकली. टाकू दे. त्याच्या जागी मी काय केलं असतं? विचार करून पाहतो मनात. मला उत्तर आवडत नाही.

५ डिसेंबर, गुरुवार

"काही नाही बाबा." आता हरिओम चेष्टाही करत नाही. गाडीतून हात हलवून नाही म्हणतो.

पिसांचा डबा आवरला. एकतीस वर्षांची त्याची पाखरं एका कापडावर मांडली. काहींचं पीस कसरीने खाल्लंय, नुसता गळ आणि दोरा उरलाय. प्रत्येकाचं टोक चपटं. मोजली नाहीत. परत डब्यात ठेवली, डबा माळ्यावर टाकला. तलावावर जाणार नाही आता. एकट्याने कोणाचं पाखरू आधी टाकायचं?

७ डिसेंबर

थंडी. काही नाही.

९ डिसेंबर, सोमवार

काडीपेटी आली. चिठ्ठी नाही.

आत एक पाखरू. गळ माझाच — बुडाशी वाकडा. पण घासून इतका लख्ख केलाय की आधी ओळखलाच नाही. जुनं पीस नाही, जुना दोरा नाही, सगळं नव्याने बांधलंय. आणि समोर दोन मिशा. उजेडात धरून पाहिल्या. तात आहे. धनुकलीची तात उसवून तिचे दोन धागे लावलेत.

तात पाण्यात मऊ पडते. शेवाळात अडकणार. त्यालाही माहीत आहे.

बुडाशी दोऱ्याचं टोक पाहिलं. चपटं आहे. दाताने तोडलेलं.