मधलीची जागा

२ मार्च

आले एकदाची! खोली दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून. दोन खिडक्या, एक रस्त्याकडे, एक मागच्या चौकाकडे. टेम्पो नीट थांबायच्या आत इमारतीतून माणसं धावली. कोणी गादी उचलली, कोणी बादल्या, आणि माझ्या हातात उरली फक्त पर्स. तीही एकाने मागितली होती. जिन्याच्या पहिल्या पायरीवर एक म्हातारबाबा बसलेले असतात. सगळे त्यांना बाबाच म्हणतात. त्यांनी मला नाव नाही, गाव नाही, एवढंच विचारलं की जेवलीस का. जुन्या शहरात इतकी वर्षं काढली, तिथे हे विचारायला कोणाची जीभ रेटली नव्हती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते धुळीवर ढकललं.

घरमालकीण खाली राहते, तिला सगळे थोरली म्हणतात. माझ्या शेजारच्या खोलीत शिडशिडीत, सतत हसणारी एक बाई आहे, ती धाकटी. रक्ताचं नातं कोणाचंच कोणाशी नाही, सगळे भाडेकरू. थोरली म्हणाली, मधलीची जागा रिकामीच होती, बरं झालं तू आलीस. म्हणजे मी मधली. माझं नाव कोणी विचारलंच नाही. मला तर आवडलं बुवा!

४ मार्च

लॅबमध्ये पहिला दिवस. काम तेच, कवळ्या करायचं. दंतवैद्याकडून तोंडाचं माप येतं, आम्ही प्लास्टरचा साचा ओततो, मेण चढवतो, दात बसवतो. मालक कमी बोलतो, पण हात चांगला आहे. मला एकच दात बसवायला दिला, परीक्षाच घेतली म्हणा ना. एकच दात सगळ्यात अवघड. आजूबाजूचे दात कसे झिजलेत ते बघून त्याला घासावं लागतं. जरा टोचला की माणूस काढून वाटीत ठेवतो.

घरी आल्यावर थोरलीने इथली एक रीत सांगितली. या शहरात दारं लावत नाहीत, नुसता पडदा. माणूस गेलं की मगच दार लावतात. खरंच, माझ्या दाराला आतून कडीच नाही. बाहेरून मात्र चांगली जाडजूड आहे.

चिमीला, म्हणजे माझ्या बहिणीला, फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, ताई, तू हसतेयस. इतक्यांदा सांगितलं, तरी तिला पुन्हा ऐकायचं होतं की ते जेवलीस का विचारतात.

९ मार्च, रविवार

आज हसून हसून पुरेवाट झाली. दुपारी सवयीने दार ढकललं आणि आडवी झाले. डोळा लागतो न लागतो तोच बाहेर रडारड. उघडून बघते तर अख्खी इमारत जिन्यात, धाकटी ऊर बडवतेय! मला बघून सगळे गळ्यात पडले. धाकटी डोळे पुसत म्हणाली, बरं झालं बाई, नाहीतर पुन्हा कोणाला तरी शोधत बसावं लागलं असतं.

थोरली तेवढी हसली नाही.

मला मात्र जुनं शहर आठवलं. तिथे तापात न्हाणीच्या दारातच पडले होते. बाहेर शेजाऱ्याची पावलं, किल्ल्या, लिफ्ट, सगळं ऐकू येत होतं. मी प्लास्टिकचा मग फरशीवर आपटत राहिले. दाराखालून एक चिठ्ठी आली, आवाज करू नये. शेवटी फोन उचलत नाही म्हणून चिमी आली आणि तिने कुलूप फोडलं. त्यानंतर तो शेजारी लिफ्टमध्ये भेटला तेव्हा त्याने मोबाईलमध्ये डोकं घातलं. असल्या शहराला आग लागो! इथे नाक खुपसतात, खुपसू देत. निदान नाक तरी आहे.

१७ मार्च

मी कॉफी केली तर थोरलीने कप उचलून मोरीत ओतला. मधलीला कॉफीने पित्त होतं म्हणाली. मी म्हटलं, अहो, मी जन्मभर कॉफीच पितेय. सगळे असे हसले, जणू लहान मूल काहीतरी बोललंय. मग मीही हसले. का हसले कोण जाणे.

माझा पलंग दुसऱ्या भिंतीला लागलाय. मी लॅबमध्ये असताना कोणीतरी हलवला. फोनही थोरलीकडेच असतो, चार्जर तिच्याकडे आहे म्हणून. चिमीचा फोन आला की आधी ती बोलते, मग बाबा, मग धाकटी. उरला तर मी.

आज थोरलीने रुमालात गुंडाळलेलं काहीतरी हातात ठेवलं. तुझी वस्तू, म्हणाली. एका दाताची कवळी, वरच्या डाव्या बाजूची, तारेचा आकडा असलेली. आधीच्या बाईची असणार. मी म्हटलं, माझे सगळे दात शाबूत आहेत. म्हणाली, राहू दे, लागेल.

२५ मार्च

सफरचंद खाताना दात पडला. दुखलं नाही, रक्त नाही. वरचा, डावीकडचा.

लॅबमध्ये कोणी नसताना स्वतःच्या तोंडाचं माप घेतलं, साचा ओतला. एकाची कवळी दुसऱ्याला बसत नाही. कधीच नाही. हयात याच कामात गेलीय माझी. साच्यावर ती कवळी ठेवली.

बसली. घासावंही लागलं नाही.

२९ मार्च

मधली आधी कुठे गेली, असं बाबांना विचारलं. ते म्हणाले, कुठे जाणार, तू आहेस की.

मग विचारलं, जेवलीस का. मी दोन-दोन पायऱ्या चढत वर आले.

१ एप्रिल

बॅग भरून निघाले. बाबांनी पायरीवर वाटच दिली नाही, आधी जेवायला बस म्हणाले. धाकटीने बॅग घेतली, थोरलीने ताट वाढलं. वर येईपर्यंत कपडे पुन्हा कपाटात, घड्या घालून. कोणी रागावलं नाही. रागावले असते तर भांडता तरी आलं असतं!

लॅबमध्ये गेले तर मालक म्हणाला, घरून फोन होता, मधली आता कामाला येणार नाही म्हणून. तो मला मधली म्हणाला. त्याला कोणी सांगितलं?

आणि निघून जायचं तरी कुठे? जिथे मग आपटत पडले होते, त्या फरशीवर?

३ एप्रिल

चिमी येतेय. राहायला. नोकरी सोडली, खोली सोडली. थोरलीने बोलावलंय.

फोन माझ्या कानाला, सगळे भोवती. मी म्हटलं, येऊ नकोस. थोरली हसत म्हणाली, हिची चेष्टा गं, आणि फोन घेतला. चिमी आनंदाने रडत होती. तिकडे तिला कोणी विचारत नाही म्हणे. हे वेड तिच्या डोक्यात मीच भरवलं. मीच! मला आग लागो.

रविवारी येणार.

४ एप्रिल

ठरलं. दार लावते. त्यांच्या लेखी मी मेले तर चिमीला ठेवून कोण घेईल? दोन अश्रू ढाळतील आणि पुढच्या गाडीने परत पाठवतील. रडत का होईना, ती जाईल. माझं काय व्हायचं ते होवो. पाणी भरून घेतलंय. पलंग दाराला लावते —

लावलं.

रडतायत. धाकटी ऊर बडवतेय. थोरली म्हणाली, गेली बिचारी.

मग कडीचा आवाज. बाहेरून.

५ एप्रिल

जिन्यात हसणं सुरू झालं. इतक्यात?

पलंग बाजूला केला. दार हलत नाही. खिडकीतून ओरडले. रस्त्यावरचा एक जण वर बघणार होता, दुसऱ्याने त्याला कोपर मारलं. दोघं गेले. मागच्या चौकात थोरली कपडे वाळत घालतेय. मान वर करत नाही.

कपडे माझेच आहेत. धुऊन, कोणासाठी —

एक दात पडला की काय करतात? हे मला कळू नये? मला?

६ एप्रिल, रविवार

टेम्पो. चिमीचा आवाज. सगळे धावले. गादी, बादल्या —

बाबा विचारतायत, जेवलीस का.

चिमी रडतेय. धुळीने, म्हणतेय.

ताई कुठेय, विचारलं तिने. थोरली म्हणाली, येईल, आधी दोन घास खा. मग म्हणाली, मधलीची जागा रिकामीच होती, बरं झालं तू —

चिमी हसली. आवडलं तिला.

प्लास्टिकचा मग घेतलाय. दारावर आपटतेय. एका हाताने लिहितेय. चिमी, कुलूप फोडलं होतंस ना तू, चिमे —

पावलं जिन्यात. वर येतायत. दाराशी थांबली. कसला आवाज, विचारतेय. तिचाच आवाज, अगदी दारापाशी.

थोरली म्हणाली, त्या दाराकडे लक्ष नाही द्यायचं, मधले.

चिमी म्हणाली, बरं.

पावलं