मंगळवारचा गोल्फ

५ ऑक्टो. ८२, मंगळ.
आज पुन्हा पडलो. पण त्याआधी चेंडू गेला. सरळ, पार नारळाच्या झाडापर्यंत. मे.डॉ. (मेजर डॉक्टर, आम्हा जायबंदी जवानांना गोल्फ खेळवणारे) ओरडत होते, "सदाशिव, वजन डाव्या पायावर टाक! पूर्ण!" डावा म्हणजे लाकडी. खरा सुरुंगाने नेला, तेव्हापासून या लाकडावर मी कधी भरवसा ठेवला नाही. काठी फिरवताना ठेवावाच लागतो, नाहीतर चेंडू जागचा हलत नाही. खेळ साहेबलोकांचा, माहीत आहे. पण मंगळवारी झोप लागते. मला तेवढं पुरे.

लष्कराच्या गाडीने लालबागच्या नाक्यावर सोडलं. जिन्यात शेजारचे परबकाका: "काय जवान, आज कोणाक हरवन इलंस?" तसाच वर गेलो. उत्तर दिलं असतं तर चाळ गोळा झाली असती.

८ ऑक्टो.
दादाशी वाजलं. जानेवारीपासून मिल बंद, वहिनी लोकांच्या घरी भाकऱ्या थापतेय, आणि धाकटा भाऊ गोल्फ खेळतोय. "आमी हय संपार बसलंव नि तू शेटचो खेळ खेळतंस?" म्हणालो, पाय तुझा गेला असता तर कळलं असतं. वहिनी मधे पडली, "भावजी, आधी जेवा." नाही जेवलो. माज आहे मला. असू दे.

१२ ऑक्टो., मंगळ.
मैदानावर पाहुणा. पांढरी टोपी, पांढरे बूट. दादाच्या मिलचा शेठ! मैदान, काठ्या, चेंडू, सगळं याच्या कृपेने चालतं म्हणे. इतके महिने मे.डॉ.ना हे सांगावंसं वाटलं नाही. माझा फटका बघून शेठने टाळ्या वाजवल्या, हात पुढे केला. मी मिळवला. घरी येऊन साबणाने धुतला. दादाला काही बोललो नाही.

१९ ऑक्टो., मंगळ.
तर हे होतं पोटात. शेठने बाजूला घेतलं. "जवान, मिल आपण चालू करतोय. थोडे लोक संप सोडून आत यायला तयार हायत. तू गेटवर उभा राहा. वर्दीत, मेडल लावून. लंगड्या फौजीवर कोण दगड उचलणार?" वर म्हणतो, भाऊ तुझा आपल्याच मिलमधी ना, मग तर फारच छान.

हातात काठी होती. कशी फिरवली नाही, देव जाणे. मे.डॉ. बुटाकडे बघत उभे. परतताना गाडीत म्हणाले, "मंगळवारपर्यंत विचार कर. बाकीच्यांचाही कर." बाकीचे म्हणजे शिंदे आणि मंडळी. एका हाताने खेळतो शिंदे. गेल्या महिन्यात पहिल्यांदा हसला. मी नाही म्हटलं तर मैदान त्याचंही जाणार. शत्रूनेसुद्धा असं कात्रीत धरलं नव्हतं.

२० ऑक्टो.
नसलेला अंगठा ठणकतोय. दादाला सगळं सांगून टाकलं. वाटलं, उसळेल. तो खिडकीतून मिलच्या चिमणीकडे बघत बसला. शेवटी, "तुझा तू बघ." अरे, शिव्या घाल, कानफटात मार! हे असलं गप्प बसणं मला सहन होत नाही.

२६ ऑक्टो., मंगळ., खंडेनवमी
सकाळी उठलो तर पाय जागेवर नाही. दादा आंघोळ करून बसलेला, पुढे पाट. दरवर्षी मिलमध्ये तो आपल्या मागाची पूजा करायचा. यंदा माग कुलपात. म्हणून पाटावर वहिनीची विळी, तवा, आणि माझा पाय. हळदकुंकू लावलेला, वर झेंडू. पूजेला मांडलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलायचं नसतं. आणि सातला नाक्यावर गाडी. त्याला ठाऊक होतं!

"मुद्दाम केलंस."

"पूजा केलंय. ता तुझा हत्यार. माझा खंय आसा?"

त्याचे डोळे भरले होते. तरी माझा राग आवरेना. "मला घरात कोंडतोस? अरे, नाही म्हणायलासुद्धा मला तिथे जाऊन उभं राहावं लागेल!" वहिनी म्हणत होती, "असा उचलू नका, भावजी." उचलला. पट्टे आवळले. दादाने हात जोडले. मला की पायाला, कळलं नाही.

शेठला म्हणालो, गेटसमोर माझा भाऊ उभा असतो. उभा राहिलो तर त्याच्या बाजूला राहीन. शेठ माझ्या घोट्यावरचं कुंकू बघत होता. "बरं," एवढंच म्हणाला आणि खेळायला गेला.

नाक्यावर उतरताना मे.डॉ. म्हणाले, "पुढच्या मंगळवारचं कळवतो."

कळवा, नाहीतर नका कळवू. मी सातला नाक्यावर जाणार. गाडी आलीच, तर शिंदेच्या तोंडाकडे कसं बघायचं, ते मात्र अजून ठरत नाही.