पोकळ वाजणारा खांब

प्रिय मार्लिसताई,

आपल्या जुन्या लाकडी रेल्वेपुलावर फळ्या ठोकून आम्ही पायवाट केली. रविवारी ती खुली होईल. फीत कापल्यावर आधी शाळेची मुलं सायकलवरून जाणार, त्यांत तुझी टेस आहे. आमच्या कामात रीत अशी, की पहिली माणसं वरून जाताना खांब तपासणाऱ्याने आपल्या तपासणीची हमी म्हणून खाली ओढ्यात उभं राहायचं. म्हणजे मी.

मधला एक खांब हातोडा मारला की पोकळ वाजतो, म्हणजे आतून कुजलाय. मुकादम व्हर्नला सांगितलं, तर तो म्हणाला, "अरे एमेट, त्यावरून अख्ख्या मालगाड्या गेल्यात. तुझी भाची काय इंजिनाहून जड आहे का रे?" सगळे हसले. मीही हसलो.

खाली उभं राहायची भीती नाही, ताई. वर बघायची आहे.

टेसला घरी ठेव, एवढंच लिहायला बसलो होतो. पण मग बाकीची मुलं? म्हणून हे पत्र टाकत नाही. व्हर्नकडे निघालोय, त्याला त्या खांबाला कान लावायला लावतो. नाहीच ऐकलं, तर रविवारी मी खाली नसेन. पुलाच्या तोंडाशी, फितीसमोर आडवा उभा असेन.

तुझा घाबरट भाऊ,
एमेट