दोन खुर्च्यांची लायब्ररी

४ फेब्रुवारी, संध्याकाळ
ऑफिसातल्या जुन्या साहेबांकडे जाऊन आलो. निमित्त: त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन. गुडघा पाहिला. मग त्यांनी लायब्ररी दाखवली. गुडघा विसरलो.

अख्खी खोली पुस्तकांची. भिंत गडद हिरवी. छतापर्यंत रॅक, रॅकला लागून चाकांची शिडी. कोपऱ्यात दोन खुर्च्या समोरासमोर आणि मध्ये उंच दिवा. मुख्य म्हणजे सगळ्या पुस्तकांच्या पाठी एकाच सायीच्या रंगाच्या. कुणा इंटिरियरवाल्या बाईंची आयडिया म्हणे. यातली वाचून किती झाली, असं विचारलं. साहेबांनी विषय गुडघ्यावर नेला.

परतीच्या बसमध्ये निर्णय पक्का. लेकीची खोली रिकामी पडून आहे, तिथे लायब्ररी करायची. स्वतःसाठी. रिटायर्ड माणसाला व्यासंग हवा. हिचा याच्याशी काही संबंध नाही. पुस्तकं तेवढी हिची वापरावी लागतील, कारण घरात दुसरी नाहीत.

संकल्प: लायब्ररी झाली की रोज पन्नास पानं.

५ फेब्रुवारी
हिचा फोन. नातवाच्या वेळी लेकीकडे गेली ती तीन महिन्यांसाठी. नातू आता शाळेत जातो. काम लांबलं, इतकंच. पण हल्ली तो बूट स्वतः घालतो, जेवतो स्वतः, हे हीच कौतुकाने सांगते. म्हणजे सुटका जवळ आली.

लायब्ररीचं बोललो नाही. सरप्राइज ठेवायचं आहे. (स्वतःसाठी असली तरी सरप्राइज ठेवायला हरकत नाही.) तिने विचारलं, जेवलात का. हो म्हटलं. काय जेवलो ते तिने विचारलं नाही, बरं झालं.

९ फेब्रुवारी
पुन्हा साहेबांकडे. निमित्त: गुडघा. खिशात मेजरिंग टेप. साहेब काठी टेकत चहाचं सांगायला आत गेले तेवढ्यात रॅक किती खोल आहे ते मोजलं. शिडी मोजत असताना साहेब दारात. म्हटलं, ही टेप इथे पडली होती, तुमची का? ते नाही म्हणाले. मग खिशात घातली. आता साहेबांना वाटतं मी घरोघर टेपा उचलतो.

चहा मात्र थांबून घ्या म्हणाले. थांबलो. हल्ली कोण येत नाही, असं म्हणत होते. मी शिडीच्या चाकांकडे बघत होतो.

१२ फेब्रुवारी
सुतार आला. मोबाइलवर फोटो दाखवले. तो म्हणाला, वरच्या फळीला तुमचा हात पोचतोय, शिडी कशाला? म्हटलं, प्रश्न हाताचा नाही, ॲम्बियन्सचा आहे. त्याने विचारलं, ते प्लायमध्ये करायचं की लाकडात.

घोडं अडलं लेकीच्या पलंगापाशी. तो काढल्याशिवाय रॅक बसत नाही. काढला, वरच्या मजल्यावरच्यांना देऊन टाकला. लेक आली तर हॉलमध्ये झोपेल. तशी ती येत नाही.

१७ फेब्रुवारी
रंग झाला. शेडकार्डावर हुबेहूब साहेबांची भिंत. आमच्या भिंतीवर शाळेचा फळा. रंगारी म्हणाला, वाळला की खुलेल. वाळला. आता वाळलेला फळा. समोर उभं राहिलं की हात आपोआप मागे जातात आणि गृहपाठ राहिल्यासारखं वाटतं.

उद्या रंगाऱ्याला खडसावणार.

१८ फेब्रुवारी
रंगाऱ्याला फोन केला. भिंत छान झाली असं सांगितलं. भांडून काय मिळतं.

१९ फेब्रुवारी
शिडी बसली. खोलीची फरशी खिडकीकडे किंचित उतरती आहे, हे इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. शिडी सोडली की आपली आपण खिडकीशी जाऊन उभी राहते. सुतळीने बांधली. सध्या तिच्यावर टॉवेल वाळतात. तात्पुरते.

२० फेब्रुवारी
हिचे खोके उघडले. पुस्तकांची काय ही दशा. एकाची पाठ पिवळी, एकाची गुलाबी, एकाला पाठच नाही, नुसता दोरा. पानापानांवर तेलाची बोटं. ही स्वयंपाकघरात ओट्याला टेकून, उभ्याने वाचायची. बेडरूममध्ये दिवा चालू राहिला की मला झोप येत नाही, हे मी पहिल्यापासून सांगितलं होतं. पण म्हणून उभ्याने का वाचायचं ते कळलं नाही.

उपाय साधा आहे. सगळ्यांना एकसारखी कव्हरं.

२१ फेब्रुवारी
सायीच्या रंगाचा कागद आणला, जाड. आणि डिंक. इथे इंटिरियरवाल्या बाईंनी माझ्याकडे शिकायला यावं. उभी नोकरी डिस्पॅचमध्ये गेली. कागदाचा कोपरा कसा दुमडावा हे आमच्या कंपनीत लोक मला विचारायचे. माझ्या हातचं एकही पार्सल कधी परत आलेलं नाही. बाकी नोकरीत काय केलं, असं कुणी विचारलं तर एवढं सांगता येतं.

पाठीवर नाव घालायचं नाही. साहेबांच्याही नव्हतं. नावं आली की नजर अडखळते.

२३ फेब्रुवारी, दुपार
ही येणार. महिनाअखेरीला निघते म्हणाली. दोन दिवसांसाठी, असंही म्हणाली, पण ती म्हणायची पद्धत असते. जाताना तीन महिने म्हणाली होती, त्याची किती वर्षं झाली. त्या मानाने दोन दिवस म्हणजे पुष्कळ झाले. शिवाय म्हणाली, सामानाचं एकदा बघायचं आहे. म्हणजे घर लावायचं असणार. मी हो-नाही काहीच केलं नाही. उगाच आनंद दाखवला की माणसं बिचकतात.

कव्हरं निम्मी झाली. बोटं चिकटतात, फोन उचलता येत नाही. तसा दुसरा आलाही नाही.

२६ फेब्रुवारी
दोन्ही खुर्च्या आल्या. दुकानदाराने विचारलं, घरात किती माणसं? म्हटलं, पाहुणे असतात. एक खुर्ची माझी, दुसरी पाहुण्यांसाठी. मध्ये दिवा. बसून बघितलं. समोर दुसरी खुर्ची छान दिसते.

वाचनाचा शुभारंभ. हाताला येईल ते पुस्तक काढलं. स्वेटरचे नमुने. दोन उलटे, एक सुलटा. चिकाटीने तीन पानं वाचली. मग दुसरं काढलं. तो कुठल्याशा कादंबरीचा भाग दुसरा निघाला. पहिल्याच पानावर कुणीतरी परत येतं आणि सगळे रडतात. ते गेलं कधी, हे भाग पहिल्यात असणार. भाग पहिला शोधला. सगळी पुस्तकं जुळी. डोळा लागला.

संकल्प सुधारून: रोज दहा पानं.

२९ फेब्रुवारी
टॉवेल काढले. सुतळी सोडली, शिडी खिडकीशी गेली. पुन्हा आणून बांधली, सुतळी दिसू नये अशी, रॅकच्या आडून. दोन कप धुऊन ठेवले. दिवा चालू-बंद करून बघितला. दुसऱ्या खुर्चीत बसणाऱ्याच्या पानावर उजेड बरोबर पडतो. माझ्या पडत नाही, पण माझं काय.

१ मार्च
ही आली. केस पांढरे ठेवलेत आता. बरी दिसते.

लायब्ररीच्या दारात बराच वेळ उभी. मी शिडीपाशी थांबलो होतो, साहेब थांबतात तसा. पहिल्यांदा म्हणाली, पोरीचा पलंग कुठे गेला. मग म्हणाली, भिंतीचा फळा का केलात. मग विचारलं, आणि माझी पुस्तकं? म्हटलं, ही काय समोर. म्हणाली, यातलं कुठलं कुठलं आहे? म्हटलं, तीच तर गंमत आहे. ती हसली नाही.

चहा पिताना कळलं. लेकीने तिकडे मोठं घर घेतलंय. त्यात हिला स्वतंत्र खोली, खिडकी असलेली. पुस्तकं न्यायला आली आहे. सगळी नाही म्हणाली, वाचायची तेवढी.

तात्पुरती नेत असणार. माणूस जिथे असतो तिथे चार पुस्तकं लागतातच.

२ मार्च
आज सबंध दिवस ही दुसऱ्या खुर्चीत.

कव्हरांमुळे इलाजच नव्हता. एकेक पुस्तक काढायचं, पहिलं पान उघडायचं, न्यायचं की ठेवायचं ते ठरवायचं. मी समोर. काढून देणं माझं काम, शिडीवरून. (हात पोचतो, तरी शिडीवरून.) नावं तरी लिहायची होतीत, असं म्हणाली. चुकलंच, म्हटलं. मनातून तसं काही वाटत नव्हतं.

मध्येच एखाद्यात गुंतून जायची. एकदा दोन ओळी मला वाचून दाखवल्या. छान आहेत म्हटलं. खरंच छान होत्या, पण आता आठवत नाहीत, मी तिच्या चष्म्याकडे बघत होतो. नवा आहे. संध्याकाळी दिवा लावला. उजेड तिच्या पानावर बरोबर पडत होता. लग्नानंतर आम्ही एका खोलीत इतका वेळ बसल्याचं मला आठवत नाही. फार बरं वाटलं.

ती म्हणाली, तुम्हीही चला ना तिकडे. पोरगी सारखी विचारते. म्हटलं, घर कोण बघणार? आता लायब्ररीही आहे. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, चला, नातवाला तुमच्यासारखा कागद दुमडता येत नाही. म्हटलं, बघू. तिने पुढचं पुस्तक उघडलं.

साहेबांना फोन करून सांगितलं, लायब्ररी यशस्वी झाली.

३ मार्च
दोन दिवस संपले, पण पुस्तकं संपली नाहीत. मुक्काम वाढला.

ही चहा टाकायला उठली तेव्हा बघून झालेल्या गठ्ठ्यातली चार-सहा पुस्तकं न बघितलेल्या रॅकवर गेली. माझ्या हातून. कव्हरं सारखी असली की असं होतं. थोड्या वेळाने ती म्हणाली, अहो, हे मघाशी बघितलं होतं ना? म्हटलं, सगळी सारखीच दिसतात. तिने माझ्याकडे बघितलं. मग पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून चाळलं, नीट, सावकाश.

दुपारी आणखी दोन तशीच गेली. तीही तिने बघितली.

४ मार्च
सकाळी लेकीचा फोन, आईला. नातू विचारतो आजी कधी येणार. ही म्हणाली, परवा निघते. मला म्हणाली, आता पुरे.

स्वेटरचे नमुने ठेवून जाते म्हणाली, इथे लागलं तर. बाकी सगळी नेते. वाचायची तेवढी म्हणजे सगळीच निघाली.

५ मार्च
ही म्हणाली, बांधून मात्र तुम्हीच द्या, तुमच्यासारखं दुसऱ्या कुणाला जमत नाही.

जीव ओतून बांधली. पुठ्ठ्याचे नवे खोके आणले. जड पुस्तकं खाली, हलकी वर, कोपऱ्यांत कागदाचे बोळे, चारही बाजूंनी चिकटपट्टी, वर सुतळीची आडवी-उभी गाठ. सुतळी कमी पडली. शिडीची सोडून घेतली. ही शेजारी बसून बघत होती. म्हणाली, तुम्हाला ऑफिसात काम करताना मी कधी पाहिलंच नव्हतं. छान करता. कान गरम झाले.

वर लेकीचा पत्ता घातला. खाली: न पोचल्यास परत पाठवण्याचा पत्ता. तिथे आपला. तिने वाचून बघितलं आणि म्हणाली, अहो, खालचा पत्ता वरच्यापेक्षा मोठा झालाय, ट्रान्सपोर्टवाल्याचा गोंधळ होईल. म्हटलं, डिस्पॅचचा नियम आहे.

असा नियम नाही.

६ मार्च
सोडून आलो. गाडी वेळेवर सुटली. खिडकीतून पुन्हा म्हणाली, या. बघू म्हटलं. गाडी गेल्यावर वाटलं, होच म्हणायला हवं होतं. पण पुढच्या वेळी आली की म्हणणार आहे. ठरवलं.

खोके ट्रान्सपोर्टने गेले. शिडी खिडकीशी उभी आहे.

१० मार्च
साहेब लायब्ररी बघायला आले. गुडघा वाकत नाही, तरी जिने चढले. रिकाम्या रॅकसमोर बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, मिनिमल. हल्ली हेच चालतं. आपल्या लायब्ररीत उगाच गर्दी केली, असं म्हणाले. फोटो काढले. मग दुसऱ्या खुर्चीत बसले ते दोन तास. जाताना म्हणाले, परवा येऊ का, माप घ्यायला?

या म्हटलं.

संकल्प: रोज एक पान. स्वेटरचं चालेल.

१२ मार्च, दुपार
लेकीचा फोन. खोके पोचले. सगळे. एकही कोपरा दबलेला नाही, एकही पान दुमडलेलं नाही. ट्रान्सपोर्टवाला विचारत होता, बांधलं कुणी. बाबा, तुमच्या पॅकिंगला तोड नाही, असं म्हणाली. मागे ही नातवाला काहीतरी वाचून दाखवत होती, आवाज येत होता.

मी म्हटलं, असायचंच. उभा जन्म तेच केलं.

फोन ठेवल्यावर वाईट वाटलं. जरा सैल बांधायला हवं होतं. खालचा पत्ता एवढा मोठा घातला, पण त्याचा उपयोग काय. माझ्या हातचं पार्सल परत येत नाही.