कापणारीचा भाव

३ मार्च, सोमवार

समोरचा कारखाना सुरू झाला! आमच्यासारखाच, गणवेश शिवायचा. आणि आज आमच्या मालकांनी वन्संचा पगार वाढवला — न मागता. आम्हा शिवणाऱ्यांचा? छे!

४ मार्च

इतकी वर्षं मशीनवर मान मोडतेय मी, आणि वाढ नणंदेला! घरी येताना तोंडावरच बोलले. वन्सं चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "अगं, मी काही जास्त घाम गाळत नाही. पण कापणारी मी एकटी. उद्या समोर गेले तर मालकांचं कापड तसंच पडून राहील. शिवणाऱ्या मात्र दाराशी उभ्याच आहेत."

खरं आहे. म्हणूनच जास्त झोंबलं.

१० मार्च

वन्संना वेड लागलंय! जेवणाच्या सुट्टीत आम्हा तिघी शिवणाऱ्यांना कापायला शिकवताहेत, चिंध्यांवर. "थर सरकू देऊ नकोस. रेघ सोडू नकोस." माझी पहिली बाही उचलून म्हणाल्या, "ही खांद्याला हत्तीची आणि मनगटाला मांजराची झालीय."

हसून हसून डबा तसाच राहिला.

१८ मार्च

न राहवून विचारलं — आम्हाला आलं तर तुमची गरज काय उरली? लेकीचं शिक्षण तुमच्या एकटीच्या पगारावर चाललंय!

हातावरचा खडू झटकत म्हणाल्या, "कळतंय गं. भीती वाटतेच. पण तुम्हाला दुसरीकडे जाता येतंय असं दिसल्याशिवाय तुम्हाला थांबा कोण म्हणणार?"

ही बाई स्वतःचा भाव स्वतः पाडतेय. आमच्यासाठी! आणि मी तिच्यावर जळत होते.

२८ मार्च, शुक्रवार

झालंच. मालकांनी वन्संना काढलं. कात्री माझ्यापुढे सरकवली — "तुम्हाला येतंय आता." पगार वन्संच्या निम्मा!

मी नाही म्हटलं. मग मालकांनी उरलेल्या दोघींना विचारलं. त्याही नाही म्हणाल्या!

२९ मार्च

चौघी मिळून समोर जाऊन आलो. वन्सं पुढे, आम्ही मागे. समोरच्यांना कापणाऱ्या हव्याच आहेत. आमच्याकडून सदऱ्याचा एकेक गळा कापून घेतला. मंगळवारपासून या म्हणाले. पगार चांगला.

३० मार्च, रविवार

आम्ही समोर जाऊन आल्याचं कळलं असणार, सकाळी मालक घरी आले. खुर्चीच्या कडेवर टेकले. "चौघींचा आकडा तुम्हीच सांगा."

वन्सं म्हणाल्या, "आधी चहा घ्या."