सहा बाटल्या

प्रिय बाबा,

पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुम्ही दुसऱ्याच वाक्याला ओढ्यावर येता.

आई त्या ओढ्याला माझा धाकटा भाऊ म्हणते. 'तुझ्या भावानं आजही ह्यांना जेवायला घरी सोडलं नाही,' असं हसत सांगते. मला हसू येत नाही. मी लहान असताना तुम्ही पालिकेच्या नोकरीत त्याच्यावर स्लॅब टाकत होतात; तेव्हाही तुमचे रविवार त्याचेच होते. निवृत्त झाल्यावर गल्लीतली माणसं जमवून तोच स्लॅब फोडलात. झाकताना तुम्ही त्याचे होतात, उघडतानाही त्याचेच. पाण्यावर चतुर किडे कधी परतले, हे तुम्हाला तारखेनिशी पाठ आहे. माझा रक्तगट मात्र गेल्या वर्षी दवाखान्याच्या फॉर्मवर चुकीचा लिहिलात.

मागच्या आठवड्यात ओढ्याच्या पाण्याच्या तुमच्या सहा बाटल्या आमच्या प्रयोगशाळेत तपासायला आल्या. प्रत्येकीवर तुमच्या रेखीव अक्षरात वेळ, तापमान, खोली. एकीवर तर 'बेडकाच्या पिल्लांना धक्का न लावता' असंही. माझ्या वह्यांना तुम्ही कधी कव्हरसुद्धा घातलं नव्हतं.

पाण्यातला प्राणवायू मोजायचा तर बाटली काठोकाठ भरावी लागते. आत बुडबुडा राहिला की नमुना बाद. सहाव्या बाटलीत बुडबुडा होता, मोहरीएवढा. मी सहाही बाटल्यांवर 'बाद' लिहिलं. उरलेल्या पाच नीट होत्या. तुम्ही फोनवर म्हणालात, 'माझाच हात थरथरला असेल गं, तुझं काम चोख असतं.' आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कामाचं कौतुक केलंत, आणि तेही नेमकं ह्याच कामाचं.

म्हणून हे पत्र. पुढच्या गुरुवारी ओढा उघडा ठेवायचा की नाही हे ठरवायला पालिकेची समिती बसेल, आणि पाण्याचा अहवाल नसेल तर ओढ्यावर पुन्हा स्लॅब पडेल, हे 'बाद' लिहिताना मला ठाऊक होतं. हात तुमचा नाही, माझा चुकला. चुकला म्हणजे मी चुकवला. वरिष्ठांना आज तसं लेखी दिलं आहे. ते पाणी आता जुनं झालं, त्याचा उपयोग नाही. मंगळवारी सकाळी सहाला मी स्वतः नमुने घ्यायला येते. अहवाल बुधवारी समितीकडे जाईल. पाणी वाईट निघालं तर वाईटच लिहीन, चांगलं निघालं तर चांगलं. रागवायचं असेल तर नमुने घेऊन झाल्यावर रागवा, चांगलं तासभर. फक्त तेवढा तासभर ओढ्याकडे बघायचं नाही.

तुमचीच,
अजून धुसफुसणारी