कुणाच्या नावावर

सर,

आज ऑफिसात मला नवा लॅपटॉप मिळाला. पहिलाच बदल जतन करायला गेले तर त्यानं काम अडवलं. आधी तुम्ही कोण ते सांगा, म्हणाला. नाव भरा, ईमेल भरा, मग पुढं. हल्ली सगळीकडे असंच असतं. ज्यानं बदल केला त्याचं नाव त्या बदलाला चिकटल्याशिवाय गाडी हलत नाही. आजूबाजूची माणसं ते न वाचताच भरून मोकळी होतात. मी दोन ओळी टाईप केल्या आणि हात तसेच ठेवून बसून राहिले. तुम्हाला जाऊन पंचवीसहून जास्त वर्षं झाली. एवढ्या वर्षांत राग निवला असेल असं मी धरून चालले होते. निवलेला नाही. म्हणून लिहितेय.

भाईंदर पूर्वेचा तो इंडस्ट्रियल इस्टेटमधला गाळा मला अजून दिसतो. खाली स्टीलच्या ताटल्या-वाट्या पॉलिश करण्याचा कारखाना. त्याची घरघर दिवसभर फरशीतून तळपायांत यायची, आणि खिडक्या बंद ठेवल्या तरी ती काळी पूड की-बोर्डच्या फटींत जाऊन बसायची. आम्ही तेव्हा गिरगावची खोली सोडून मिरा रोडला राहायला आलो होतो. तुमच्या कॉम्प्युटर क्लासला मी आधी शिकायला आले, आणि कोर्स संपताना तुम्ही म्हणालात, "उद्यापासून ऑफिसला ये. क्लासमध्ये तुझा वेळ वाया जातोय." हे वाक्य ऐकून मी घरापर्यंत चालत गेले, रिक्षा करायचं सुचलंच नाही. तुम्ही शिकवायचात चांगलं, हे नाकारत नाही. शेजारी खुर्ची ओढून बसायचात, माझ्या हातातून की-बोर्ड कधी काढून घ्यायचा नाहीत, आणि चूक दिसली तरी मला ती सापडेपर्यंत गप्प राहायचात. माझं डोकं दुखायचं तेव्हा तुम्हीच मला स्टेशनसमोरच्या चष्मेवाल्याकडे घेऊन गेलात आणि चष्मा करून दिलात. "तुला अक्षरं दिसत नाहीत आणि तू समजतेस तुला प्रोग्रामिंग जमत नाही," म्हणालात. आईनं त्या दिवशी तुमच्यासाठी देवापुढं साखर ठेवली होती. ती साखर मला आता टोचते.

मग ते व्हर्जन कंट्रोल आलं. प्रोग्रामच्या फाइलीत कुणी, केव्हा, काय बदललं आणि का, याची नोंद ठेवणारी व्यवस्था. एकानं फाइल बदलायला घेतली की तिला त्याच्या नावाचं कुलूप लागायचं. त्यानं ती परत ठेवेपर्यंत दुसऱ्याला हात लावता यायचा नाही. त्याआधी मी आणि तो वसईहून येणारा आपला प्रोग्रामर एकमेकांची कामं पुसत होतो आणि भांडत होतो. तुम्ही मॅन्युअलची झेरॉक्स माझ्यापुढं टाकलीत. "हे सगळं तू लाव. सेटिंग काय ठेवायची ते मला विचार." मी आठवडाभर त्यात बुडून होते. कुलूप सक्तीचं ठेवायचं की नाही, कारण लिहिल्याशिवाय फाइल परत घ्यायची की नाही, एकेक गोष्ट मी विचारत होते आणि तुम्ही शांतपणे सांगत होतात. शेवटी नावावर आलो. नोंदीत ज्याचं लॉगिन त्याचं नाव आपोआप पडायचं. मी म्हटलं, हे तर ठीकच आहे. तुम्ही म्हणालात, "नाही. सगळ्या नोंदी माझ्या नावानं पडल्या पाहिजेत. तशी काही सोय आहे का बघ."

होती. मॅन्युअलमध्ये एक पर्याय होता, त्यानं नोंदीत हवं ते नाव घालता यायचं. मी तुम्हाला तो दाखवला, आणि तुमच्या सांगण्यावरून एक छोटी कमांड लिहिली. आम्ही कुणीही फाइल ठेवली तरी करणारा म्हणून तुमचं नाव. मी विचारलं होतं, "सर, मग आम्ही केलेलं कळणार कसं?" त्यावर तुम्ही रागावला नाहीत. रागावला असतात तर बरं झालं असतं. हसून म्हणालात, "इमारतीवर गवंड्याचं नाव असतं का कधी?" वसईवाला हसला, म्हणून मीही हसले. गवंड्याचं नसतं, सर. बिल्डरचं असतं. मिरा रोडला तर प्रत्येक गेटवर असतं, हातभर अक्षरांत. मला हे उत्तर तेव्हा सुचलं नाही.

त्यानंतर तीनेक वर्षं मी जे काही लिहिलं ते तुम्ही लिहिलंत. भाईंदरच्या त्या पॅथॉलॉजी लॅबचा रिपोर्ट छापायचा प्रोग्राम जवळजवळ सगळा माझा. त्यात मी एक अट घातली होती: तपासणीचा आकडा भरलेला नसेल तर रिपोर्ट छापायचाच नाही. लॅबच्या डॉक्टरीणबाईंना ती अट आवडायची नाही. प्रिंट अटकता है, म्हणून फोन यायचे. मी दर वेळी समजावायचे की अडकू दे मॅडम, अडकायलाच हवं. मग भावाचं लग्न निघालं आणि मी आठ दिवस रत्नागिरीला गेले. परत येताना साऱ्या ऑफिससाठी फणसाची साठं आणली. तुम्ही दोन घेतलीत आणि एक घरी काकूंसाठी, तुमच्या बायकोसाठी, कागदात बांधून खिशात ठेवलंत. माझ्या मागं फोन आला होता आणि तुम्ही ती अट काढून टाकली होतीत, हे तुम्ही साठं खाताना सांगितलं नाहीत. अट निघाल्यावर प्रोग्राम काय करत होता? आकडा रिकामा असला की आधीच्या पेशंटचा आकडा तसाच छापत होता.

महिन्याभरानं डॉक्टरीणबाई स्वतः जिना चढून वर आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत, उभ्यानंच सांगायला लागल्या. उत्तनची एक मासेवाली. पायाला शिंगाळा माशाचा काटा लागला होता, जखम भरत नव्हती, म्हणून तिच्या डॉक्टरनं साखर तपासायला पाठवलं. रिपोर्ट आला, साखर अगदी नॉर्मल. सगळे नुसतं ड्रेसिंग करत राहिले. पाय काळा पडल्यावर मोठ्या हॉस्पिटलात नेलं, तिथं साखर पाहिली तर चारपट. दोन बोटं कापावी लागली. "मेरेको बाकी कुछ नहीं सुनना," बाई म्हणाल्या, "किसने किया, वो बताओ."

मी तुमच्याकडे पाहतेय. तुम्ही शांतपणे खुर्ची सरकवता, त्या फाइलीचा इतिहास स्क्रीनवर आणता आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवता. वरपासून खालपर्यंत तुमचं नाव, तुमचं नाव, तुमचं नाव. आणि मध्ये एकाच ठिकाणी माझं. अट काढली, या कारणासमोर. तारीख मी गावाला निघाले त्याच दिवसाची, वेळ संध्याकाळची. इतक्या वर्षांत माझं नाव त्या नोंदींत मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आणि तुम्हाला सांगते, मला पहिल्या क्षणी ते बरं वाटलं. मग अर्थ लागला.

"सर, हे मी केलेलं नाही," मी म्हटलं.

"अगं, मशीन खोटं बोलत नाही."

"त्याला जे सांगू तेच ते बोलतं. मीच लावलंय ते."

"तेच तर म्हणतोय ना," तुम्ही बाईंकडे बघत म्हणालात. "सगळं हिनंच लावलंय."

वसईवाला की-बोर्डकडे बघत होता. मी त्या दिवशी अट काढली नव्हती हे त्याला माहीत होतं, कारण मी दुपारीच निघाले होते आणि स्टेशनपर्यंत माझी बॅग त्यानंच आणली होती. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, "इतनी पढ़ी-लिखी लड़की," एवढंच म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

संध्याकाळी तुम्ही मला समोर बसवून चहा मागवलात. तुमचं ते बोलणं मला शब्दाला शब्द पाठ आहे. "हे बघ, तुझं नाव गेलं पण ऑफिस वाचलं. तू लहान आहेस. तुझं लग्न होईल, तू दुसरीकडे जाशील, कोण लक्षात ठेवतंय. माझं हे एवढंच आहे." तुम्ही माफी मागत नव्हता. समजूत काढत होता, माझी. जणू मी फार मोठं मन करून काहीतरी दिलं होतं. खोटं बोललात याचा राग कदाचित ओसरला असता, सर. पण ती समजूत, चहाच्या कपासकट, मला आजही गिळता येत नाही. मी कप तसाच ठेवून उठले, आणि परत आले नाही. अनुभवाचं सर्टिफिकेट मागायला भावाला पाठवलं, तर तुम्ही त्याला सांगितलंत, "काय लिहू, तूच सांग."

एक गोष्ट तुम्हाला कधी कळली नाही. मी उत्तनला गेले होते. भाईंदर पश्चिमेहून बस धरली. डोंगरी गाव मागं पडल्यावर सुक्या मासळीचा वास यायला लागला. पायाची बोटं कापलेली बाई म्हटल्यावर पहिल्याच दुकानदारानं घर दाखवलं. ती ओट्यावर पाय लांब करून बसली होती, समोर काठ्यांवर बोंबील वाळत होते, आणि कावळे हाकलायला हातात एक लांब वेत. मी सांगितलं, मी त्या कॉम्प्युटरवाल्यांकडची.

"तूच केलं काय?" तिनं विचारलं.

"नाही."

"मंग कोनी केलं?"

"आमच्या सरांनी."

"तो का न्हाय आला?" तिनं वेत एकदा हवेत फिरवला. "करनारा येत न्हाय आनि न करनारी येते. मंग तू कशाला आली?"

तिनं पाणी दिलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत. निघताना एवढंच म्हणाली, "त्याला सांग, ये म्हनावं एकदा. पाय बघून जा." मी दुसऱ्या दिवशी फोन करून तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "त्या नादाला लागू नकोस," आणि फोन ठेवलात. ती वाट बघत राहिली असेल असं मी म्हणत नाही. तिला कामं होती.

पुढं मला अंधेरीत नोकरी लागली. दोन-तीन वर्षं गेली, आणि एक दिवस काकूंचा फोन आला. तुम्ही गेलात हे मला तेव्हाच कळलं, बारावं-तेरावं होऊन गेल्यावर. काकू म्हणाल्या, ग्राहक खोळंबलेत, वसईवाला सोडून गेलाय, आणि नवीन मुलांना कुठल्याच फाइलीला हात लावता येत नाही. सगळ्यांवर तुमच्या नावाची कुलपं. मी तुमच्यासाठी गेले नाही. लॅबचा प्रोग्राम अजून त्याच मशीनवर होता, म्हणून गेले.

तुमच्या खुर्चीत बसले. काकू म्हणाल्या, "ते तुझं नाव फार काढायचे गं." मी म्हटलं, "हो, काढायचे. आणि घालायचेही." त्यांना ते समजलं नाही, ते बरंच झालं. एकेक कुलूप फोडायला घेतलं. दुसऱ्याचं कुलूप फोडताना ती व्यवस्था थांबून कारण विचारते आणि ते कारण ज्याचं कुलूप त्याच्या मेलबॉक्सला पाठवते. हे मीच लावलेलं होतं. मी इंग्रजीत दोन शब्द लिहिले, ओनर एक्स्पायर्ड, आणि ते तुम्हाला गेले. प्रत्येक फाइलीमागं एकदा. मग रिपोर्टवर माझी अट परत घातली. नावाची ती कमांड काढून टाकली, म्हणजे यापुढं ज्याचं काम त्याचं नाव. आणि मग ती जुनी नोंद उघडली. इतिहासाची फाइल साध्या मजकुराचीच असते. जिथं माझं नाव होतं तिथं मी तुमचं घातलं. तारीखही बरोबर केली. तुम्ही केलंत तेच मी केलं असं कुणी म्हणेल, तर म्हणू दे. मी खरं होतं ते लिहिलं.

पुढं ते ऑफिस बंद झालं, मशीन भंगारात गेलं, आणि मी दुरुस्त केलेली ती ओळ माझ्याशिवाय कुणी वाचली नाही. हे पत्रही कुणी वाचणार नाही. काकू त्यांच्या भावाकडे पुण्याला असतात, पत्ता मिळवता येईल, पण त्यांना कशाला. तुम्ही मात्र असता तर नक्की टाकलं असतं, आणि उत्तर आलं असतं तर न उघडता फाडलं असतं.

फक्त एक राहिलं. त्या दिवशी मी तेवढ्यावर थांबणार नव्हते. तीन वर्षांचं माझं सगळं काम माझ्या नावावर करून घ्यायचं ठरवूनच मी गेले होते. जुन्या फाइली एकेक उघडल्या, वाचायला लागले. थोड्या नोंदी बदलल्या. मग वेग मंदावला. सगळीकडे तुम्ही शिकवलेली तीच ओळींची मांडणी, त्याच पद्धतीची नावं, अट घालायची तीच रीत. काकू दारात उभ्या राहून विचारत होत्या, झालं का गं, आणि मी हो म्हणून मशीन बंद केलं. झालं नव्हतं, सर. त्यातलं माझं कुठलं आणि तुमचं कुठलं, ते मला ओळखता येईना.